नक्की घेईन

पहिल्या तासाला वर्षाली गावंडे हमखास भाजीचं उदाहरण द्यायची.

"घरी भाजी केली आणि नवऱ्याला विचारलं, भाजी चांगली झाली ना? तो काय म्हणेल?"

"हो म्हणेल, मॅडम."

"का?"

"पुढच्या वेळी जेवायचं असते ना त्याले!"

वर्ग हसायचा. वर्षालीही हसायची. "आणि भाजी कशी झाली, असं विचारलं तर?"

"बरी झाली म्हणेल."

"मग खरं कसं कळणार?"

इथे मुलं गप्प व्हायची. वर्षाली फळ्याकडे वळून लिहायची, 'त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतली का?' हात झटकून म्हणायची, "माणसाला मत विचारू नका. त्याने काय केलं ते विचारा. लोक खोटारडे नसतात. आपला प्रश्नच त्यांना खोटं बोलायची सोय करून देतो."

अमरावतीच्या एका खासगी मॅनेजमेंट कॉलेजात ती तासिका तत्त्वावर बाजार संशोधन शिकवायची. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी आली की नाही. पण तिची खरी कमाई आणि खरा मान दुसऱ्याच कामातून यायचा. पुण्या-नागपूरच्या कंपन्यांना वऱ्हाडातल्या बायकांना काही विचारायचं असलं, की त्या प्रश्नावली करून घ्यायला वर्षालीकडे यायच्या. कोणतं तेल वापरता, साबण कोण आणतं, डाळ पाकिटातली घेता की सुटी, अशा प्रश्नांची. इंग्रजीतून आलेले प्रश्न ती मोडायची आणि अकोटच्या किंवा दर्यापूरच्या बाईला तोंड उघडावंसं वाटेल असे नव्याने बांधायची.

हे ती उन्हात शिकली होती. बाप अकोटला जिनिंगवर मुनीम. बी.कॉम.ला असताना वर्षाली एका साबण कंपनीसाठी दारोदार फिरायची. एका घरी तिने बाईला विचारलं, अंगाला कोणता साबण? उत्तर दिलं नवऱ्याने, खाटेवरून, महागातल्या साबणाचं नाव घेऊन. बाई तिला पाणी द्यायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "आमी तं कपड्याच्याच वडीनं आंघोळ करतो बाई. लिहू नको पण." वर्षालीने ते लिहिलं नाही. पण त्या दिवसापासून कोण ऐकत असताना प्रश्न विचारला आहे, हे ती आधी बघायला लागली.

राजापेठेतल्या घरी मात्र या विद्येची फारशी किंमत नव्हती. नवरा योगेश पाटबंधारे खात्यात होता, शांत माणूस, कशातच नसायचा. सासू केशरबाई टेबलावर पसरलेले कागद पाहून म्हणायच्या, "झाले का कागदं काळे करून? कुकर लावा आता." कोणी पाहुणा आला आणि सून काय करते म्हणून विचारलं, तर "शिकवते थोडंसं" एवढंच. केशरबाईंचं कौतुक लेकीसाठी राखून ठेवलेलं होतं. त्यांची लेक आरती, योगेशची थोरली बहीण, अकोल्याला एका दवाखान्यात काउंटरवर बसायची. कितीतरी वर्षांपासून. डॉक्टर बदलले, नर्सेस बदलल्या, आरती तिथेच. पेशंटची नावं तिला तोंडपाठ असायची.

ही आरती रविवारी पातोडी करायची. बेसनाच्या वड्या वाळवून, त्यासोबत रश्श्याच्या मसाल्याची पुडी. गरम पाण्यात टाका, पातोडीचा रस्सा तयार. दवाखान्यातल्या पोरींना द्यायची, त्या वाहवा करायच्या. मागच्या दिवाळीला अमरावतीला आली तेव्हा तिने चाचरतच विचारलं.

"वर्षाली, तू त्या कंपन्यायचं करतं ना, लोकायले विचारून. माह्या पातोडीचं करशीन का? दुकान टाकावं म्हणतो. पण आधी माईत तं पडलं पाह्यजे, कोनी घेते का नाई."

केशरबाईंनी मान वर केली. "करते ना. करशीन ना वं वर्षाली? एवढी शिकली-सवरली तं घरच्याच्या कामी येऊ दे."

सासूच्या तोंडून 'एवढी शिकली-सवरली' हे वर्षालीने पहिल्यांदा ऐकलं. ती म्हणाली, "करते ना आरतीताई. नक्की करते."

पहिला मसुदा चांगला होता. हे नंतर तिला सारखं आठवत राहिलं, की पहिला मसुदा अगदी चांगला होता. त्यात होतं, 'गेल्या महिन्यात घरी पातोडी किती वेळा झाली? तयार वड्या कधी विकत आणल्या होत्या का? आणल्या असतील तर पुन्हा आणल्या का? नसतील तर का नाही? या पाकिटातलं काय आवडलं नाही?' नाव लिहायला जागाच नव्हती.

ती कागद तपासत होती तेव्हा केशरबाई चष्मा लावून मागे उभ्या होत्या.

"काय आवडलं नाई? असं काहून विचारून राह्यली वं? नसलं तं बी काढतीन खोड्या."

"आई, तसंच विचारावं लागतं."

"संक्रांतीचं हळदीकुंकू हाय आपल्याकडं. गोड गोड बोला म्हणते जग, अन् तू म्हणतं कडू बोला! दारात आलेल्या सवाशिणीच्या तोंडून 'नाई' वदवते का कोनी?"

हळदीकुंकवातच सर्व्हे उरकायचा, हीही केशरबाईंचीच कल्पना होती. गच्चीवर साठेक बायका येणार. प्रत्येकीला वाण म्हणून आरतीचं पाकीट आणि सोबत कागद. फिरायचं वाचेल. वर्षालीच्या एखाद्या विद्यार्थ्याने असं काही मांडलं असतं, तर तिने त्याला वर्गासमोर उभं केलं असतं. आधी भेट देता आणि मग मत विचारता? कुठली बाई वाण घेऊन नावं ठेवेल?

पण सासू टेबलाशी येऊन उभी होती, वाकून वाचत होती, "हे काय लिवलं, ते काय लिवलं" विचारत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वर्षालीने एक प्रश्न काढला. मग दुसरा काढला.

बिल्कीस तिची जुनी मैत्रीण, कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. वर्षालीच्या सर्व्हेंमध्ये मुस्लिम मोहल्ल्यांतल्या मुलाखती तीच घ्यायची. वर्षालीने तिला शेवटचा कागद दाखवला. बिल्कीसने वाचलं. 'पातोडीची चव आणि सोय तुम्हाला आवडली का?' 'आपल्या वऱ्हाडी भगिनीने बनवलेलं हे पाकीट तुम्ही विकत घ्याल का?' खाली दोन चौकटी. 'घेईन' आणि 'नक्की घेईन'. वर नाव आणि मोबाइल नंबर.

"हा सवाल आहे का मुबारकबाद?" बिल्कीस म्हणाली.

"घरचंच आहे गं."

"म्हणून तर पूछून राहिले. कंपनीचं असतं तर तू असा कागद दिला असता? चव अन् सोय एकाच सवालात? कोणाला चव नाही आवडली अन् सोय आवडली, तर ती काय लिहील?"

"सणाचा दिवस आहे."

बिल्कीसने कागद परत दिला. "मर्जी तुझी. मी नाव नको टाकू म्हणाले असते, पण तू तर मोबाइल नंबर पण मागून राहिली."

हळदीकुंकू झोकात झालं. केशरबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या. बाई तिळगूळ घेऊन, वाण घेऊन, कागद भरून निघाली की तो त्यांच्या हातात द्यायचा. केशरबाई तो तिथल्या तिथे उघडून वाचायच्या. "नक्की घेईन लिवलं! अवं, गुणाची माय माही!" मागची बाई ऐकायची आणि पेन पुन्हा मागून घ्यायची. एका नव्या सुनेने नुसतंच 'घेईन' वर खूण केली, तर केशरबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे असं पाहिलं, की पोरीने तिथल्या तिथे खूण बदलली. वर्षालीने हे पाहिलं. ती पुढच्या बाईला हळद लावत होती.

शंभरात चौऱ्याण्णव बायका नक्की घेणार, असं निघालं. वर्षालीने रंगीत चक्र काढलं. हिरवा भाग जवळजवळ पूर्ण, पिवळी एक फोड. आरतीला पाठवलं. रात्री आरतीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. "वर्षाली, मले वाटलं नोतं वं. एवढ्या बायका!" केशरबाईंनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं, "आमच्या सुनेनं शास्त्र लावून काढलं हे. अंदाजपंचे नाई." त्या आठवड्यात कुकर त्यांनीच लावला.

आरतीने जठारपेठेत गाळा घेतला. फेब्रुवारीच्या एक तारखेला दवाखान्यात राजीनामा द्यायचं ठरलं.

रथसप्तमीच्या चार दिवस आधी पलीकडच्या गल्लीतल्या वानखडेवहिनींकडे हळदीकुंकू होतं. वर्षाली आणि केशरबाई दोघी गेल्या. वानखडेवहिनींचा स्वभाव सगळ्या गल्लीला माहीत होता. त्या वाण विकत आणायच्या नाहीत. इतरांच्या घरून जे मिळालं ते टोपलीत साठवायचं आणि शेवटी आपल्या हळदीकुंकवात वाटून टाकायचं. त्यामुळे कोणाला डबी, कोणाला कंगवा, कोणाला साबणाची वडी. हे राजापेठेत बऱ्याच घरी चालतं. कोणी बोलत नाही, कारण प्रत्येकीच्या टोपलीत दुसरीचं काही ना काही असतंच.

वर्षालीने पदर पुढे केला. वानखडेवहिनींनी टोपलीत न बघता हात घातला आणि पदरात पाकीट पडलं.

लेबल नखाने खरवडून काढलेलं होतं. पण जांभळी फीत तशीच होती. ती फीत वर्षालीने स्वतः, घरी बसून, एकेका पाकिटाला बांधली होती.

वानखडेवहिनींनी मान वर केली आणि कोणाला काय दिलं ते त्यांच्या ध्यानात आलं. "अवं... हे ना... मले इतकं आवडलं म्हून मी आनखी मागवलं."

दुकान अजून उघडलेलं नव्हतं. मागवायला जागाच नव्हती.

शेजारच्या बाईच्या पदरातही जांभळी फीत होती. सतरंजीवर बसलेल्या आणखी एकीच्या मांडीवर होती. त्यातल्या एका पाकिटावर तर लेबलही शाबूत होतं. खोलीतल्या बायकांना एकदमच काहीतरी कळलं आणि सगळ्या एकदमच तिळाच्या लाडवाबद्दल बोलायला लागल्या. पदर धरलेला तसाच राहिला. सोडला असता तर पाकीट खाली पडलं असतं.

परतताना केशरबाई म्हणाल्या, "पाय बरं, वाण म्हून देऊन राह्यले लोकं. चांगलं असते तेच देते मानूस."

वर्षालीने त्यांच्याकडे पाहिलं. केशरबाई समोर बघून भरभर चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने बिल्कीसला सगळं सांगितलं आणि विनंती केली, की यातल्या काही बायकांना तूच फोन कर, माझं नाव घेऊ नको. एकच विचार, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेलं पातोडीचं पाकीट उघडलं का, आणि उघडलं असेल तर दुसऱ्यांदा खावंसं कोणाला वाटलं.

बिल्कीसने संध्याकाळी फोन केला. ती सरळ बोलणारी बाई होती, पण आज हळू बोलत होती.

"बहुतेकींनी उघडलंच नाही गं. कोणी कामवाल्या बाईला दिलं, कोणी माहेरी पाठवलं. उघडलं त्यांच्यात एकीच्या घरी वडी मधून कच्ची राहिली. एकीचे मिस्टर म्हणाले हिंगाचा वास फार."

"आणि विकत घेणार का?"

"ते मी नाही पूछलं. त्याचा जवाब तर तुझ्याकडे आहेच ना."

बिल्कीसने कागद उलटल्याचा आवाज आला.

"एक बाई काय म्हणाली सांगू? म्हणाली, पातोडी विकतची आणली तर सासू म्हणेल, आता भाकर पण विकतच आण. दुकानात जाऊन हातात घ्यायला पण शरम वाटेल म्हणाली. अगं, हे तर तू एका सवालात काढलं असतं."

काढलं असतंच. तो प्रश्न पहिल्या मसुद्यात होता. नसतील तर का नाही.

त्या रात्री तिने योगेशला सांगितलं. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "आता सांगून काय होणार? चालेल हळूहळू दुकान. सांगितलं तर आई म्हणेल तूच केलं. ताई म्हणेल तूच केलं."

"मीच केलंय."

"म्हणून तर म्हणतो, राहू दे."

राहू दे, यात किती सोय होती. वर्षालीने दोनदा आरतीला फोन लावला. एकदा विचारलं, गाळ्याला पाणी येतं का. दुसऱ्यांदा विचारलं, थंडी आहे का तिकडे. दोन्ही वेळा आरती भरभरून बोलली, आणि दोन्ही वेळा शेवटी म्हणाली, "तुह्यामुळे हिंमत झाली वं." कॉलेजात नव्या तुकडीला भाजीचं उदाहरण द्यायची वेळ आली. वर्षालीने फळ्यावर 'त्याने' एवढं लिहिलं आणि धडा बदलला.

मग आरतीने मोबाइलवर फोटो पाठवला. गाळ्याच्या भिंतीवर, देवाच्या तसबिरीच्या शेजारी, ते रंगीत चक्र मोठं करून, लॅमिनेशन करून लावलं होतं. खाली रंगवलं होतं, 'शंभरपैकी चौऱ्याण्णव गृहिणींची पसंती'. केशरबाई तो फोटो येईल-जाईल त्याला दाखवत होत्या. वर्षालीसमोर मात्र त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

"आई," वर्षाली म्हणाली, "तुम्हाला आरतीताईंची पातोडी आवडते का?" आणि लगेच सुधारलं. "म्हणजे, तुम्ही ती शेवटची कधी खाल्ली?"

केशरबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. "पोरगी पयलेपासून हिंग जास्त टाकते," त्या तांदळाला म्हणाल्या. "लग्नाच्या आधीपासून."

"मग बोलल्या का नाही?"

"लेकीले कोन बोलते?" जरा वेळाने म्हणाल्या, "अकोल्याले जाशीन तं मीच खुर्ची टाकून बसली होती म्हून सांगजो. एकटीच्या अंगावर घेऊ नको."

एकतीस तारखेला वर्षालीने राजापेठहून अकोल्याची एसटी धरली. पर्समध्ये ते लेबल खरवडलेलं पाकीट होतं. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ती वाक्य जुळवत होती. 'ताई, थोडी गडबड झाली.' गडबड कसली? 'ताई, नमुना लहान होता.' हेही खोटं. नमुना लहान नव्हता. मूर्तिजापूरला एक फुलवाली चढली, टोपली पायाशी ठेवून झोपली. बोरगाव मंजू आलं तरी वर्षालीकडे वाक्य नव्हतं.

आरती गाळ्यातच होती, हातात ओला फडका. वर्षालीला पाहून ती लहान मुलीसारखी हसली. "आली का! बस, बस. उद्यापर्यंत दम नाई निघाला तुले? हे पाय." भिंतीवरचं चक्र पुसून तिने चकचकीत केलं होतं. "परवा दवाखान्यात सगळ्यायनं समोसे खाऊ घातले मले. डॉक्टरसायेबानं भाषन केलं. शाल दिली वं! मी रडली तिथंच. उद्या कागद देतो की झालं." तिने पर्समधून घडी केलेला राजीनामा काढून दाखवला आणि पुन्हा ठेवला. "तू काहून अशी उभी?"

वर्षालीने पाकीट काढून काउंटरवर ठेवलं.

आरतीने ते उलटंसुलटं केलं. "हे तं माह्यंच. लेबल कोनं काढलं?"

मग वर्षालीने सांगितलं. वानखडेवहिनींची टोपली, जांभळ्या फिती, बिल्कीसचे फोन. हिंगाचंही सांगितलं. दुकानात हातात घ्यायला लाज वाटेल म्हणाल्या, तेही.

आरती आधी म्हणाली, "असते एखादी." मग म्हणाली, "पन चौऱ्याण्णव?" आणि भिंतीकडे पाहिलं.

"त्या कागदावर नाही म्हणायला जागाच नव्हती, ताई."

"मंजे?"

"दोनच चौकटी होत्या. घेईन आणि नक्की घेईन."

आरती खुर्चीवर बसली. फडका मांडीवर तसाच, साडी ओली होत होती. "तुले माईत नोतं, कसं विचारा लागते ते?"

"माहीत होतं."

"मंग?"

केशरबाईंची खुर्ची वर्षालीच्या ओठांपर्यंत आली. सणाचा दिवस आला, वाण आलं. तिने ते सगळं गिळलं. "मला 'हो' हवं होतं, ताई. घरात सगळे माझ्या कामाकडे बघत होते. पहिल्यांदा. मला वाटलं, एवढं एक चांगलं निघू दे."

बाहेरून एक माणूस डोकावला, "दुकान कशाचं आहे?" म्हणून. आरती म्हणाली, "अजून ठरलं नाई." तो गेला.

तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि चक्र भिंतीवरून काढलं. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी होती, तिच्यासोबत नवा रंग निघाला. "आता मले विचार," ती स्टुलावरूनच म्हणाली. "जसं विचारा लागते तसं. नोकरीचं विचार."

वर्षाली म्हणाली, "नोकरी सोडावी असं पहिल्यांदा केव्हा वाटलं?"

"तुहा कागद आला तेव्हा."

"त्याआधी?"

"त्याच्या आधी नाई. रविवारी करत होती, पोरीयले देत होती, खुश होती. दुकान दुकान म्हनत होती, तं मानूस म्हनतेच. मले वाटलं होतं, तू नाई म्हनशीन. मंग मी नवऱ्याले सांगीन, पाय, वर्षालीनं शास्त्रानं पाह्यलं, नाई चालत. अन् विषय मिटला असता." ती खाली उतरली. "आता उद्या जाऊन त्याच खुर्चीवर बसा लागीन. समोसे खाऊन. ते शाल वापस देऊ का ठेवू, सांग बरं?"

आरतीने पर्स उघडली, राजीनामा काढला, चार तुकडे केले आणि पुन्हा पर्समध्येच ठेवले. केराचा डबा अजून आणलेला नव्हता.

मग तिने चहा मागवला. दोघींनी उभ्यानेच प्यायला. आरतीने कुलूप लावलं, चक्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि वर्षालीच्या हातात दिलं. "हे तू घेऊन जाय. मले घरात नको." स्टँडपर्यंत ती सोबत आली. वर्षाली 'नको, नको' म्हणत होती, तरी आली. रस्त्यात दवाखान्यातली एक नर्स भेटली. लांबूनच ओरडली, "काय मॅडम, उद्यापासून शेठाणी!" आरती हसली. ते हसू वर्षालीने इतक्या जवळून पाहिलं, की तिला मान वळवावी लागली.

अमरावतीची गाडी लागलेली होती. ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू मळत होता.

"ताई," वर्षाली म्हणाली, "राग तर नाही ना आला?"

आरतीने तिच्याकडे पाहिलं. "हे पाय. पुन्हा तसंच. मी नाई म्हनावं म्हून विचारून राह्यली."

काखेतलं वर्तमानपत्राचं गुंडाळं सरकलं, ते वर्षालीने सावरलं. गाडीत चढून बसता आलं असतं. कंडक्टर हाका मारत होता.

"माझ्याबद्दल तुम्हाला आता काय वाटतं?" तिने विचारलं.

आरतीने वेळ घेतला. वर्षाली विद्यार्थ्यांना सांगायची, समोरचा गप्प बसला की तुम्ही मध्ये बोलू नका, त्याच्यासाठी उत्तर पुरवू नका. ती गप्प राहिली.

"मले वाटते," आरती म्हणाली, "का मायच्या नजरेत मोठी व्हाले तू माह्या नोकरीवर पाय ठेवून उभी राह्यली. चार दिवस आधी माईत झालं तरी उतरली नाई. फोनवर मले थंडीचं विचारत होती. थे मी विसरनार नाई, वर्षाली. आज आली, हे बी नाई विसरनार. पन दोन्हीची बेरीज कराले मले सांगू नको. मले जमत नाई अजून."

गाडीचं इंजिन सुरू झालं. वर्षालीने 'पण' म्हटलं नाही, 'आई' म्हटलं नाही. आरती आणखी काही बोलेल म्हणून ती पायरीवर एक पाय ठेवून तशीच उभी राहिली. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, आत नाहीतर बाहेर." आणि तिने तो पाय खाली घेतला.

गाडी निघून गेली. आरतीने तिच्याकडे पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि मागच्या बाकड्यावर बसून थोडी सरकली.

"अन् त्या शालीचं तं," ती म्हणाली, "मले अजून बी समजून नाई राह्यलं."

वर्षाली तिच्या शेजारी बसली, मध्ये ते गुंडाळं ठेवून, आणि ऐकू लागली.